गांडुळं वर आली

"या गावदेवीची आण! शब्द न् शब्द खरा हाय. एक अक्षर खोटं निघालं तर माझी जीभ झडून पडू दे!"

असं म्हणून बाईजानं सुपातले मेलेले मासे देवीच्या पायरीवर ओतले. वीतवीतभर झालेले रोहू. पोटं पांढरीफटक, तोंडं वासलेली, कल्ले फाकलेले. मरताना सगळेच काहीतरी ओढून घ्यायला बघत होते आणि ते काही त्यांना मिळालं नव्हतं. माशा घोंगावायच्या आत बाईजाचा आवाज वरच्या वाडीपर्यंत जाऊन पोचला होता.

"काल दिवस मावळताना या डोळ्यांनी बघितलंय मी. हा जैतू तळ्याच्या सांडीपाशी उकिडवा बसलेला. हातात धोंडा. ठक-ठक, ठक-ठक. गेळ्याची हिरवी फळं कुटत होता! कोपरापर्यंत हात हिरवेगार याचे!"

गेळ्याची फळं कुटून साचल्या पाण्यात टाकली की माशाचा दम कोंडतो आणि तो उलटा होऊन वर येतो, हे त्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. वाडीतली माणसं उन्हाळ्यात नदीच्या डोहावर तसाच मासा धरायची. त्यामुळे जमलेल्या पंचवीस-तीस माणसांत 'कशावरून' असं विचारणारा एक निघाला नाही.

वरच्या वाडीतला जैतू काठी टेकून उभा होता. आषाढात बायकांच्या गटानं तळ्यात माशांचं बी सोडलं, तेव्हापासून तळ्याची राखण त्याच्याकडं होती. काठी गटानंच दिलेली. त्याच्यामागं त्याची बायको सावळी, आणि दोघांच्या मधे जमिनीवर एक पितळी हंडा. हंडा तिचाच, पण तो तिच्या घरातून उचलून आणला होता अनंतानं. अनंता म्हणजे गावचा पुढारी. त्यानं हंड्यावरची पानं बाजूला केली.

"बघा. सात मासे. जिवंत. तळ्यातले सगळे मेले आणि याच्या घरातले तेवढे जिवंत. काय रे जैतू, हे काय?"

"वाचवलेत," जैतू म्हणाला. "सकाळी गेलो तर वर येऊन तोंड मारत होते. पाण्यात दम नव्हता. चौदा धरले, झऱ्याच्या पाण्यात सोडले. सात जगले."

"वा रे वा!" गटाची चंद्रकला पुढं झाली. "राखणीचा मासा मरतो आणि घरी नेलेला जगतो होय? तुझ्या घरची हवा बरी दिसते!"

लोक हसले. जैतूनं बाईजाकडं बघितलं.

"बाय, तू बघितलंस? फळं बघितलीस?"

"बघितली."

"माझ्या हातात?"

"तुझ्या नाय तर काय देवीच्या? आंधळी नाय मी!"

जैतूनं मान हलवली. कबूल म्हणून नव्हे. एखाद्यानं वाट चुकवून सांगितली की आपण हलवतो, तशी. मग अनंतानं घसा साफ केला आणि निवाडा सांगितला. आजपासून वाडीनं तळ्यावर यायचं नाही. पाण्याला नाही, धुण्याला नाही, गुराला नाही.

आता भादव्याचे दिवस होते, ओहोळ वाहत होता, म्हणून हे ऐकायला हलकं वाटलं. पण दिवाळी झाली की ओहोळ आटतो, शिमग्याला वाडीचा झरा बोटभर होतो, आणि मग त्या तळ्याशिवाय वाडीला पाणी नसतं. दुसरं कोसभर लांब. हे अनंताला माहीत होतं, जैतूला माहीत होतं, बाईजालाही माहीत होतं.

जैतूनं काठी पायरीवर ठेवली.

"हंडा नेऊ का ठेवू?" सावळीनं विचारलं. तिचाच हंडा. अनंतानं त्यावर पानं परत सारली. ती रिकाम्या हातानं नवऱ्यामागं चालती झाली.

* * *

आता बाईजाबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे तिचा राग कळेल.

बाईजाच्या थापा किन्हवलीच्या बाजारापर्यंत ठाऊक होत्या. भातसा धरणाचं पाणी चढलं तेव्हा तिच्या सासऱ्याची म्हैस म्हणे त्यात बुडाली, आणि आठ दिवसांनी वर आली ती अंगानं भरूनच. कारण म्हशीची शिंगं आतून पोकळ असतात आणि ती शिंगांतून श्वास घेते. पाण्याबाहेर टोकं राहिली की झालं. मुंगीला नाक नसतं, कारण मुंगीला श्वास घ्यायला फुरसतच नसते. खर्डीच्या जंगलात एक बेडूक होता, तो पावसाळा संपला की अंगावर चिखलाची गोधडी घ्यायचा आणि आठ महिने एका जांभईवर काढायचा. पोरं पोट धरून हसायची. मोठी माणसं म्हणायची, बाईजा बोलली म्हणजे पाण्यावर रेघ.

आणि हे मासे तळ्यात आले तेही तिच्या एका थापेमुळंच. दोन हजार दोन सालचं ते. गटाच्या बैठकीत 'काय करावं' यावर बायका जांभया देत होत्या. बाईजानं हात पसरून सांगितलं, मुरबाडकडच्या एका तळ्यात एवढा रोहू निघाला की त्याला पाळण्यात घालून मिरवला. बायका हसल्या आणि हसता हसता बी सोडायचं ठरलं. दसऱ्याला तळं काढायचं, घरटी मासे वाटायचे. श्रावणभर बाईजा रोज तळ्याच्या काठाला जाऊन भाताचे चार दाणे टाकायची, आणि मासे वर आले की त्यांना शिव्या द्यायची, "हावरटांनो, दसरा येऊ दे, बघते तुमच्याकडं!"

आणि आज सगळे पांढरे पोट करून तरंगत होते. तिचा संताप खरा होता. त्या संतापात तिनं जैतूला बघितलेलं आठवलं, तेही खरं होतं. उकिडवा बसलेला, हातात धोंडा, ठक-ठक. पाठमोरा.

आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या गावानं तिच्या गोष्टीवर विश्वास ठेवला होता. घरी जाताना तिला पायाखालची वाट गार लागायला हवी होती. पण ती भाजल्यासारखी चालत होती. वाटेत कुत्रं आडवं आलं, त्याला लाथ. अंगणात कळशी आडवी पडली होती, तिला लाथ. आणि परसात येऊन बघते तर काय, आळीतल्या सगळ्या कोंबड्या तिच्या काकडीच्या मांडवाखाली.

"मेल्यांनो, तुमच्या बापाचं वावर हाय काय!"

कोंबड्या उडाल्या आणि परत बसल्या. त्यांना शिव्या ऐकायला वेळ नव्हता. जमिनीवर गांडुळंच गांडुळं पसरली होती. भर उन्हात, दिवसाढवळ्या, पिळवटत, गाठी मारत. काही वाळून दोऱ्यासारखी झालेली.

ओटीवर तिची नात स्नेहल पुस्तक मांडीवर घेऊन डुलत होती. आठवीला होती, सोमवारी चाचणी होती.

"गांडूळ त्वचेवाटे श्वसन करते. झुरळ श्वासनलिकांवाटे श्वसन करते. मासा कल्ल्यांवाटे श्वसन करतो. म्हैस फुप्फुसांवाटे..."

"म्हैस शिंगांवाटे," बाईजा खेकसली. "आणि जरा हळू घोक. डोकं उठलंय माझं."

"आजे, पेपरात शिंगं लिवली तर सर शिंगं देतील मला." स्नेहल उठून परसात आली आणि नाक धरून वाकली. "अगो बाय! ही सगळी वर का आलीत?"

"पावसानं. काल दुपारी सर नाय पडली?"

"मग काकूच्या वावरात का नाय आली? सर तिकडं पण पडली."

बाईजानं कुंपणापलीकडं बघितलं. चंद्रकलाचा भेंडीचा पट्टा हातभर अंतरावर होता. तीच माती, तोच पाऊस. तिकडं एक कोंबडी नव्हती.

"सर सांगत होते," स्नेहलनं एक गांडूळ काडीवर उचललं, "याला नाक नाय, फुप्फुस नाय, काय नाय. एवढं बारीक अंग, त्याला कातडीतनं आलेली हवाच पुरते. पण कातडी ओली लागते आणि साफ लागते. तिला काय झोंबलं की त्याला मातीत राहवतच नाय. म्हशीचं तसं नाय, ती केवढी धूड. तिला कातडीतली हवा कुठं पुरणार? म्हणून तिच्या छातीत..."

"भाता."

"हां, भाताच. लोहाराचा असतो तसा. आणि माशाला पाण्यातनंच हवा गाळून घ्यावी लागते. कल्ल्याची चाळण असते ना, लाल लाल? तिचं काय बिघडलं की पाणी भरपूर असून मासा गुदमरतो." काडीवरचं गांडूळ वळवळलं. तिनं हात नाकाशी नेला. "आजे, याला कसला वास येतोय? कडू?"

वास बाईजाला केव्हाच आला होता. मोहाच्या पेंडीचा.

परवा तिनं दोन गोणी पेंड मांडवाखाली पसरली होती. मोहाच्या बियांचं, मोहट्याचं, तेल काढल्यावर घाण्यावर उरते ती पेंड. काकडीच्या मुळ्या मातीतल्या हुमणी अळीनं खाल्ल्या होत्या आणि बाईजाला हुमणीचा राग आला होता. रागाच्या भरात एका गोणीचं काम तिनं दोन गोण्यांनी केलं. लहानपणी तिची आई याच पेंडीनं तिचं डोकं धुवायची. मुठीभर पेंड, तांब्याभर पाणी, आणि हा फेस. डोळ्यांत गेला की बाईजा अंगणभर थयथय नाचायची.

मांडवाच्या कडेनं एक चर काढलेला होता, पावसाचं पाणी उतारानं जायला. बाईजा चराकडं वळली. चरातल्या धोंड्यांवर फेस वाळून राहिला होता, ताक घुसळल्यावर रवीला राहतो तसा. ती त्याच्यामागून खाली निघाली.

"आजे, कुठं निघालीस?"

"गप बस गो!"

स्नेहल गप बसली, पण मागून आली. चर चंद्रकलाच्या बांधाला वळसा घालून, करवंदीच्या जाळीखालून सरळ तळ्यात उतरत होता. तळं म्हणजे काय, तीस पावलं लांब, वीस पावलं रुंद म्हणावं असं; पाणी कमरेइतकं. जिथं चर उतरत होता तिथं पाण्यावर फेसाचा पिवळा पट्टा काठाला चिकटला होता.

तळ्याच्या मधोमध बाईजाचीच म्हैस बसली होती. नाक वर, डोळे अर्धे मिटलेले, रवंथ चालू. फुर्रर्र करून तिनं नाकातून पाणी उडवलं.

"हिला कसं काय नाय झालं?" स्नेहल म्हणाली. आणि मग स्वतःच म्हणाली, "हिचं नाक वर हाय ना."

पलीकडच्या टोकाला तळ्याची सांडी होती, जादा पाणी जिथून बाहेर जातं ती. बाईजा वळसा घालून तिथं गेली. जैतू बसला होता ती जागा. चिखलात त्याच्या टाचा उमटल्या होत्या. जवळच एक धोंडा. तिनं तो उचलला, उलटा केला, वास घेतला. हिरवं काही नव्हतं. फळाची साल नव्हती, बी नव्हती. सांडीच्या तोंडाला मात्र नवी बांबूची जाळी होती. चार खुंटांवर घट्ट बसवलेली. खुंटांची डोकी ताजी ठेचलेली, पांढरी. काल सरीनं पाणी चढलं तेव्हा मासे बाहेर वाहून जाऊ नयेत म्हणून कोणीतरी बसून ती ठोकली होती.

ठक-ठक. ठक-ठक.

बाईजानं धोंडा जागच्या जागी ठेवला. जसा होता तसाच, त्याच खळग्यात. मग तिनं हात धुवायला पाण्याकडं नेले आणि मधेच मागं घेतले.

"आजे," स्नेहल हळूच म्हणाली, "पाणी वरनं खाली जातं ना?"

"मग काय खालनं वर चढतं? एवढं शिकलीस आणि हे विचारतेस?"

बाईजा एवढ्यानं ओरडली की म्हशीनं डोळे उघडले.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी गट पुन्हा देवीपाशी जमला. राखणीला नवा माणूस ठेवायचा होता, तळ्यात पुन्हा बी टाकायचं की नाही हेही बघायचं होतं. हंडा अजून पायरीवरच होता. स्नेहलनं पानं सारून आत बघितलं. सातही मासे कल्ले हलवत होते. पाणी निर्मळ, गार.

"हे पाणी आजचं हाय, आजे. कालचं नाय."

पायरीपासून वाडीच्या वाटेपर्यंत ओल्या पावलांची रांग गेली होती, बाईमाणसाची. कोणीतरी उजाडताना झऱ्यावरून पाणी आणून बदलून गेलं होतं. बाईजानं त्या पावलांकडं बघितलं आणि तिच्या कपाळाची शीर उडाली.

तिच्या कडेवर घमेलं होतं, हातात बादली.

"ऐका," ती म्हणाली. "मासे मी मारलेत."

अनंताच्या मिशा हलल्या आणि हास्याचा असा काही फवारा उडाला की देवळाच्या पिंपळावरचे कावळे उठले.

"आज ही काय?" चंद्रकला डोळे पुसत म्हणाली. "आजे, कशानं मारलेस? शिंगानं?"

"पेंडीनं. दोन गोणी पेंड टाकली मांडवाखाली. सरीनं धुवून तळ्यात गेली. जैतूच्या हातात फळं नव्हती. तो जाळी ठोकत होता."

"काल देवीची आण घेतलीस ती?"

"ती खोटी."

"आणि आजची खरी होय? उद्या म्हणशील, मासे उडत गेले!"

"अगो, पेंड आमी पण टाकतो," गटातली दुसरी एक म्हणाली. "म्हशीला चारतो थोडी. कोण मेलं?"

"तुमी म्हशी हाय म्हणून नाय मेल्या!" बाईजानं घमेलं आदळलं. "काल मी खोटं बोलले तर सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं विचारलं नाय, बाईजा, तू किती लांबनं बघितलंस, तुला दिवस मावळताना दोन हातांवरचं दिसत नाय. एकानं नाय! आज खरं सांगते तर दात काढता? माझ्या आयुष्यातली एवढी एकच थाप गोड लागली काय तुमाला? का, तर ती वाडीवाल्यावर होती!"

आता कोणी हसलं नाही. पण मानलंही नाही. अनंता घड्याळात बघायला लागला.

बाईजानं पदर खोचला. घमेल्यातली पेंड मुठीमुठीनं बादलीत टाकली आणि कोपरापर्यंत हात घालून घुसळली. फेस बादलीच्या काठावर आला. मग तिनं ती सगळी बादली देवीच्या पायरीशेजारच्या ओल्या मातीवर ओतली, जिथं पोरं गळाला लावायला गांडुळं खणायची. आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आता काय?" अनंता म्हणाला.

"थांब. तुझ्या भाषणाला कधी कोण उठून गेलंय काय?"

थोडा वेळ काहीच झालं नाही. चंद्रकला कोणाच्या तरी कानाला लागली. मग मातीला एक छोटं भोक पडलं आणि त्यातून एक लालसर टोक बाहेर आलं. मग दुसरं. मग वीतभर जागेत पाच-सहा. अंग पिळत, गाठी मारत, जीव मुठीत धरून गांडुळं वर यायला लागली. घरात धूर कोंडल्यावर माणसं दाराकडं धावतात तशी. कुठून तरी एक कोंबडी आली, मागून तिची सगळी आळी आली.

"यांना कातडीतनं श्वास," बाईजा म्हणाली. आवाज आता खाली आला होता, पण तो जास्त वाईट होता. "माशाला कल्ल्यातनं. जे याला झोंबलं ते त्याला झोंबलं. काल माझ्या मांडवाखाली अशीच वर आली होती ही. जैतूनं तळ्यात विष टाकलं असतं, तर ते माझ्या परसात कुठनं आलं? पाणी चढ चढतं काय रे अनंता? तू पुढारी हायस. चढव."

अनंतानं कोंबड्यांकडं बघितलं, हंड्याकडं बघितलं.

"आता झालं ते झालं, आजे. निवाडा एकदा दिला. वाडीला जाऊन सांगायचं कोणी? आपली काय राहिली मग?"

"मी सांगते. तू हंडा उचल."

"मी?"

"त्याच्या घरातनं उचलून आणताना हात दुखले नव्हते. उचल!"

अनंता पुढारी खरा, पण त्याला बाईजानं नागडा खेळताना बघितलं होतं. त्यानं हंडा खांद्यावर घेतला. वाडीचा चढ चढताना पाणी हिंदकळून त्याचा इस्त्रीचा सदरा भिजला, आणि प्रत्येक हिंदकळीला मागून बाईजा ओरडत होती, "सांभाळ! मासे मेले तर त्यांच्या जागी तुला सोडीन!"

जैतू दारात बांबू सोलत होता. सावळी आत होती. अनंतानं हंडा उतरवला आणि लांब जाऊन सदरा पिळत उभा राहिला.

वाटेत बाईजानं बरंच काही जुळवलं होतं. तिथं आल्यावर त्यातलं एक उरलं.

"फळं नव्हती रे. ती मी पदरची घातली."

"माहीत हाय," जैतू म्हणाला. कोयता थांबला नाही. "मी जाळी ठोकत होतो."

"मग काल बोलला का नायस?"

"कोणी विचारलं?" त्यानं एक काडी सोलून बाजूला ठेवली. "तुला विचारलं मी, बाय. तू म्हणालीस, बघितली."

सावळी बाहेर आली. तिनं हंड्यात वाकून बघितलं, बोटानं मासे मोजले. मग हंडा कडेवर घेतला आणि झऱ्याकडं निघून गेली.

त्या दिवशी निवाडा फिरला. वाडीची गुरं तळ्यावर उतरली. पेंडीचं पाणी निवळायला तीन आठवडे लागले. तोवर ते सात मासे झऱ्याखालच्या डबक्यात होते. दसऱ्याच्या आदल्या सकाळी जैतूनं ते आणून तळ्यात सोडले, बाईजाच्या हातून राखणीची काठी घेतली, मग तिच्या ओटीवर टेकला. बाईजानं चहा आणला. तो फुंकर मारत प्याला आणि म्हणाला, "बाय, साखर कमी हाय." आणि दोघंही हसली.

* * *

ही गोष्ट बाईजा पुढं कितीतरी वर्षं सांगायची. दर वेळी देवीची आण घेऊन. गांडुळं दर वेळी थोडी लांब व्हायची, एकदा तर ती सापाएवढी झाली. अनंताचा सदरा दर वेळी थोडा जास्त भिजायचा. शेवट मात्र ठरलेला. चहा, साखर, हसणं.

स्नेहल शहापूरला कॉलेजात शिकत होती तेव्हा एकदा सुट्टीत आली होती. अंगणात आळीतली पोरं बसली होती, बाईजा नुकतीच "साखर कमी हाय" पाशी पोचली होती. पोरं हसली, उठली, पांगली. स्नेहल ओटीवरच बसून राहिली.

"आजे, मी त्या दिवशी इथंच होते गो."

बाईजा खाली सांडलेली शेंगांची टरफलं एकेक करून वेचायला लागली. सगळी वेचून झाली तरी तिची बोटं जमिनीवर फिरत होती.

"काठी घेतली त्यानं," ती म्हणाली. "ते खरं हाय."

"हां."

"मी कप घेऊन आले. तो खाली अंगणात उभा. म्हटलं, बस रे. तर म्हणाला, तळ्यावर कोण नाय. आणि गेला." तिनं टरफलं मुठीत दाबली. "कप माझ्या हातात निवला. मग ओतला कर्दळीच्या बुडाशी. त्याला सात-आठ वर्षं झाली. दारावरनं जातो, राम राम करतो. पण ओटीला पाय नाय लावला मेल्यानं अजून."

आणि मग, स्नेहल काही म्हणायच्या आत, तिनं मान वर केली.

"चहाचं तेवढं एक पदरचं घातलं मी. बाकी सगळं खरं. शिंगांसकट."